घरचा डाव, चहाचा खर्च आणि ‘नाल’

पत्त्यांचा कॅट नाही असे मराठी घर शोधून सापडणे कठीण. गौरी-गणपतीच्या जागरणाला, लग्नघरात पाहुणे जमल्यावर, आगगाडीच्या लांबच्या प्रवासात वळकटीचा पाट करून पत्ते मांडले जातात. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन या खेळांनी आपल्या तीन पिढ्यांच्या दुपारी सुखात घालवल्या आहेत. त्यांत हरणाऱ्याच्या पाठीत फार तर एक धपाटा बसे आणि जिंकणाऱ्यास पुढला डाव वाटण्याची शेखी मिरवता येई. पैशाचा तेथे संबंध नव्हता.

परंतु महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरांत शेजारच्या चालीरीतीही हळूहळू रुजल्या. इंदूर-ग्वाल्हेरकडे दिवाळीच्या रात्री तीन पत्तीची बैठक बसते. बडोद्याकडे श्रावणात, गोकुळाष्टमीच्या सुमारास, पत्त्यांना ऊत येतो. हैदराबादेत रमीचे वेड जुने आहे. आणि आता नोकरीनिमित्त बंगळुरू-हैदराबादेत राहणारी आपली मुले-भाचरे पोकर नावाचा विलायती खेळ शिकून आली आहेत. शनिवारी रात्री कोणाच्या तरी दिवाणखान्यात सहा-आठ जण जमतात, रंगीत चकत्यांच्या चवडी लागतात आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो.

पैसे लावून खेळावे की खेळू नये, हा या लेखाचा विषय नाही. त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या संस्कारांप्रमाणे दिलेले असते, आणि उपदेशाने जुगार सुटल्याची उदाहरणे आम्हांस फारशी माहीत नाहीत. आमचा विषय याहून लहान आहे. चकत्यांच्या शेजारी जो एक डबा ठेवलेला असतो आणि प्रत्येक डावातून ज्यात थोडेथोडे पैसे पडतात, त्या डब्याविषयी आम्ही लिहीत आहोत. खेळणाऱ्यांचे पत्त्यांकडे लक्ष असते. डब्याकडे कोणाचेच नसते. आमच्या मते घरच्या डावाचे सारे भवितव्य त्या डब्यावर अवलंबून आहे.

नाल म्हणजे काय

जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपल्यासाठी जो हिस्सा काढून घेतो, त्याला ‘नाल’ असा शब्द आहे. ‘नाल काढणे’, ‘नाल घेणे’ हे प्रयोग पोलिसांच्या पंचनाम्यांत आणि न्यायालयाच्या निकालपत्रांत आढळतात. पोकर खेळणारी तरुण मंडळी त्यालाच ‘रेक’ म्हणतात. शब्द दोन, वस्तू एकच. जागा देणारा, पत्ते पुरवणारा आणि बैठक जमवणारा माणूस खेळाच्या जयापजयापासून अलिप्त राहून जे घेतो, ते नाल.

ही पद्धत पाश्चात्त्यांकडून आली असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात द्यूताविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याने द्यूतावर एक अध्यक्ष नेमावा, खेळ एकाच ठरावीक ठिकाणी चालवावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावेत, असे तेथे सांगितले आहे. याशिवाय फाशांचे व कवड्यांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे मूल्य वेगळे. खोटे फासे देणाऱ्यास आणि हातचलाखी करणाऱ्यास दंडही आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूतगृह चालवणाऱ्यास ‘सभिक’ म्हटले आहे आणि त्याने शेकडा पाच किंवा प्रसंगी दहा घ्यावे असा नियम घातला आहे. त्या बदल्यात राजाला ठरलेला भाग देणे आणि जिंकणाऱ्यास त्याचे पैसे वसूल करून देणे ही सभिकाची जबाबदारी होती.

आजच्या पोकरच्या मेजावरही सर्वसाधारण दर शेकडा पाचच असतो, हा योगायोग वाचकांस गमतीचा वाटेल. मात्र त्यात एक बारीक फरक आहे. कौटिल्याचे पाच टक्के जिंकलेल्या रकमेवर आहेत. पोकरमध्ये पाच टक्के मेजावर मध्यभागी जमलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे ‘पॉट’वर, घेतात, आणि त्या रकमेत जिंकणाऱ्याचे स्वतःचे पैसेही असतात. समजा, शेवटी दोघेच उरले आणि प्रत्येकाने शंभर रुपये लावले. पॉट दोनशे रुपयांचा झाला. त्यातून दहा रुपये डब्यात गेले. जिंकणाऱ्याच्या हाती एकशे नव्वद आले. त्यांतले शंभर त्याचेच होते. म्हणजे त्याला नफा झाला नव्वद रुपये. शंभराच्या नफ्यातून दहा गेले, तेव्हा खरा दर शेकडा दहा पडला. बोलायला पाच आणि द्यायला दहा, अशी ही तऱ्हा आहे.

नाल घेण्याचे प्रकार

ज्यांनी पोकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात, ज्याला टेक्सास होल्डेम म्हणतात, प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात आणि मेजावर सर्वांसाठी सामाईक पाच पाने उघडली जातात: प्रथम तीन, मग एक, मग एक. या सातांतून उत्तम पाच पानांचा हात ज्याचा, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावता येतात, वाढवता येतात किंवा पाने टाकून बाहेर पडता येते. तीन पत्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना ब्लाइंड, चाल आणि शो यांच्याशी याचे नाते लगेच उमगेल. ‘रोख डाव’ म्हणजे ज्यात प्रत्येक चकतीला तेवढ्याच रुपयांचे मोल असते आणि खेळणारा हवे तेव्हा उठून चकत्या मोडून पैसे घेऊ शकतो, तो.

अशा रोख डावात नाल घेण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली, वर सांगितलेली टक्केवारीची. तिच्यावर बहुधा एक कमाल मर्यादा असते, म्हणजे पॉट कितीही मोठा झाला तरी ठरावीक रकमेपलीकडे कापायचे नाही. पहिली तीन सामाईक पाने उघडण्यापूर्वीच डाव संपला तर काहीच घ्यायचे नाही, असाही संकेत पुष्कळ ठिकाणी पाळतात. दुसरी रीत डावागणिक ठरावीक रकमेची: ज्याच्यापुढे वाटपाची खूण असेल त्याने प्रत्येक फेरीत अमुक रुपये द्यायचे. तिसरी रीत वेळेची: दर अर्ध्या तासाला प्रत्येकाने सारखी रक्कम द्यायची, मग कोणी जिंको वा हरो.

या तिन्हींत वेळेची रीत सर्वांत उघड आहे, कारण पैसे खिशातून काढून द्यावे लागतात. टक्केवारीची रीत सर्वांत झाकली आहे, कारण ती जिंकणाऱ्याच्या आनंदाच्या क्षणी घेतली जाते. दोनशे रुपये आपल्याकडे ओढणाऱ्या माणसाला दहा रुपयांची खंत वाटत नाही. आणि हरणाऱ्याला तर वाटते की हे दहा आपले नव्हतेच. म्हणून दोघेही तक्रार करीत नाहीत. कोणाचेच न दुखवता सर्वांचे घेण्याची ही युक्ती आहे.

त्रैराशिकाचा हिशेब

आता शाळेतल्या फळ्यावर मांडावे तसे हे गणित मांडून पाहू.

सहा जण खेळायला बसले. प्रत्येकाने एक हजार रुपयांच्या चकत्या घेतल्या. मेजावर एकूण सहा हजार रुपये आले. पॉट सरासरी दोनशे रुपयांचा धरू. त्यावर शेकडा पाच म्हणजे दहा रुपये. घरच्या संथ खेळात तासाला वीस डाव होतात असे धरले, तर तासाला दोनशे रुपये डब्यात पडले. रात्री नऊला सुरू झालेला डाव दोन वाजेपर्यंत, म्हणजे पाच तास चालला. डब्यात एक हजार रुपये जमले.

एक हजार म्हणजे काय? सहांपैकी एका माणसाने आणलेले सारे पैसे. सकाळी हिशेब करताना सहा जण मिळून सहा हजार नव्हे, पाच हजार घेऊन घरी जातात. सहाही जण सारखेच हुशार असतील आणि नशीबही सारखेच वाटले गेले असेल, तर प्रत्येकाला सुमारे एकशे सदुसष्ट रुपयांचा तोटा होतो. कोणाकडूनही न हरता सर्वजण हरतात. असा खेळ दर शनिवारी चालला तर सहा बैठकांत पहिल्या रात्री मेजावर आलेल्या रकमेइतकी रक्कम, पूर्ण सहा हजार, डब्यात गेलेली असते. वर्षातून पन्नास शनिवार धरा: पन्नास हजार रुपये.

नाल नसलेल्या डावात जेवढे एकाचे जाते तेवढेच दुसऱ्याचे येते. वर्षाच्या शेवटी सारे मित्र एकत्र बसले, तर त्यांच्यात मिळून एक पैसाही कमी झालेला नसतो. पैसे फक्त या खिशातून त्या खिशात फिरलेले असतात. नाल आली की हे तळे फुटते. पाणी एका बारीक मोरीतून सतत वाहून जाऊ लागते, आणि तळ्यातले मासे मात्र एकमेकांकडे पाहून म्हणत राहतात की पाणी तू प्यालास.

आता चहाचा खर्च काढू. सहा जणांचा दोनदा चहा, पोहे, थोडा चिवडा, विजेचे बिल, पत्त्यांचा नवा कॅट. उदार हाताने धरले तरी तीनशे रुपयांपलीकडे जाऊ नये. तो खर्च सहांत वाटला तर माणशी पन्नास रुपये. डब्यात मात्र हजार जमले. उरलेले सातशे कशाचे? आवळा देऊन कोहळा काढणे यालाच म्हणतात.

यजमानाचे सावकार होणे

आमच्या माहितीतल्या एका गावी अशी एक बैठक होती. सारे सुशिक्षित, एकाच मराठी मंडळाचे सभासद. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. तीन पत्ती खेळत. लावण्याची रक्कम लहान होती. बैठक नेहमी एकाच घरी बसे, कारण त्या घराचा दिवाणखाना मोठा होता आणि यजमान दिलदार होते. दर शनिवारी रात्री स्वयंपाकघरातून बशा येत राहत. यजमानीणबाईंना मात्र पहाटे दोनपर्यंत ओट्याशी उभे राहावे लागे.

कोणीतरी सुचवले की वहिनींना एवढा त्रास देतो, निदान खर्च तरी काढू या. सूचना चांगल्याच मनाने आली होती. एक स्टीलचा डबा आला. प्रत्येक डावातून पाच रुपये. काही महिन्यांनी यजमानांच्या लक्षात आले की खर्च भागून डब्यात उरतेच आहे. त्यांनी दिवाणखान्यात नवी सतरंजी आणली, पंखा बदलला. सर्वांना बरेच वाटले. पुढे पाचाचे दहा झाले, कारण महागाई वाढली होती. मग एका शनिवारी एकाचे पैसे लवकर संपले. तो उठला असता तर खेळ मोडला असता. यजमानांनी डब्यातून त्याला दोन हजार दिले. ‘पुढच्या शनिवारी दे’, एवढेच म्हणाले.

येथे गोष्ट फिरली. ज्या क्षणी डब्यातून कर्ज गेले, त्या क्षणी यजमानाचे हित आणि मित्राचे हित वेगळे झाले. मित्राचे हित उठून घरी जाण्यात होते. डब्याचे हित त्याला बसवून ठेवण्यात होते. दोन हजारांचे पुढे अठरा हजार झाले. तो गृहस्थ शनिवारी येईनासा झाला. मग मंडळाच्या गणेशोत्सवातही दिसेना, कारण तेथे यजमान भेटले असते. वीस वर्षे ज्याने आरतीची झांज सोडली नव्हती, तो विसर्जनाच्या मिरवणुकीला खिडकीतून पाहत राहिला. कोणी कोणाला एक अक्षर बोलले नव्हते. यजमानांनी तगादाही लावला नव्हता. तरी दोन घरांचे येणे-जाणे बंद झाले आणि दोन्हीकडच्या बायकांना त्याचे कारण अखेरपर्यंत नीट कळले नाही.

शूद्रकाच्या मृच्छकटिकात दहा सुवर्णांसाठी संवाहकाच्या मागे लागलेला सभिक माथुर आपण वाचला आहे. देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे त्यातील जग आपल्या घरचे झाले आहे. तेथे सभिक रस्त्यातून आरडाओरड करीत धावतो. आपल्या दिवाणखान्यातला सभिक काहीच बोलत नाही. पण देणेकऱ्याला पळावे लागते ते सारखेच. संवाहकाला निदान वसंतसेनेने सोडवले.

महाभारतातील द्यूताची गोष्ट सांगताना आपण धर्मराजाच्या मोहाविषयी आणि शकुनीच्या फाशांविषयी बोलतो. सभा कोणाच्या घरी भरली होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याच्या घरी सभा, त्याला खेळ चालू राहण्यात लाभ होता. म्हणून थांबवण्याचा अधिकार ज्याला होता त्याने तो वेळेवर वापरला नाही. घरच्या डावात ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार यजमानाचा असतो. नाल घेणारा यजमान तो अधिकार विकून बसतो.

कायद्याची रेषा

आश्चर्याची गोष्ट ही की कायद्यानेही रेषा ओढली ती डब्यापाशीच. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा, जो मध्य प्रदेशात आजही मुळाशी आहे, जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना विचारतो तो प्रश्न असा: घराचा मालक, भोगवटादार किंवा चालक याच्या नफ्यासाठी तेथे खेळाची साधने ठेवली आहेत काय? मग तो नफा साधनांच्या भाड्याच्या रूपाने असो, जागेच्या भाड्याच्या रूपाने असो वा अन्य कोणत्याही रीतीने असो. महाराष्ट्र आणि गुजरात यांचा कायदा १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यापासून आला आहे. बेळगावकरांना १९६३ चा कर्नाटक पोलीस कायदा लागू आहे, तेलंगणात १९७४ चा गेमिंग कायदा आहे, गोव्यात १९७६ चा. तपशील वेगवेगळे आहेत, परंतु अड्डा कशाला म्हणावे याचा विचार करताना यजमानाचा नफा हा मुद्दा वारंवार पुढे येतो.

आमच्या हैदराबादेकडच्या वाचकांना एका खटल्याची माहिती असावी. १९६३ मध्ये सिकंदराबादेतील एका मनोरंजन क्लबवर पोलिसांनी धाड घातली. सभासद पैसे लावून रमी खेळत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६७ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे हे ठरवावे लागते. तीन पानांच्या खेळाची गोष्ट मात्र वेगळी, तो निव्वळ दैवाचा. सभासदांकडून सोयींसाठी माफक शुल्क घेतले एवढ्यावरून क्लब अड्डा ठरत नाही. पण त्याच निकालात एक इशाराही आहे: जागेचा मालक किंवा क्लब पैशांच्या खेळातून नफा काढीत असेल, तर रमी असली तरी गुन्हा होऊ शकतो. खेळ कौशल्याचा असला म्हणून नाल निर्दोष होत नाही.

या निकालाचा आधार घेऊन आज तेलंगणात कोणी निर्धास्त राहू नये. २०१७ मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन रमीला मिळणारी सूट काढून टाकण्यात आली. पोकरच्या बाबतीत तर राज्याराज्यांत मतभेद आहेत. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे; उलट गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असल्याचे म्हटले. बडोद्यातील आणि कोलकात्यातील दोन मराठी घरांत एकच डाव चालला, तर कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहील. गोव्यात जहाजांवर कॅसिनो चालतात ते तेथील कायद्यात १९९६ मध्ये केलेल्या दुरुस्तीच्या आधाराने आणि सरकारी परवान्याने. परवाना जहाजाला असतो, किनाऱ्यावरच्या आपल्या दिवाणखान्याला नव्हे.

मोबाइलवरील पैशांच्या खेळांचीही गोष्ट याच धाग्याची. तेथे डबा दिसत नसे, पण नाल होतेच. प्रत्येक डावातून कंपनीचा हिस्सा आपोआप कापला जाई. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तेव्हा मोबाइलवरचा डाव बंद झाला म्हणून तोच दिवाणखान्यात मांडू, असा विचार करणाऱ्या तरुणांनी नालीचा विचार आधी करावा.

आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो. डावात जिंकलेले पैसे कोणी दिले नाहीत, तर न्यायालय ते वसूल करून देत नाही. कौटिल्याच्या राज्यात अध्यक्ष होता, याज्ञवल्क्याच्या व्यवस्थेत वसुली करून देणारा सभिक होता. आज यांपैकी कोणी नाही. उधारीवर चाललेल्या डावामागे केवळ मैत्री उभी असते, आणि मैत्री हे तारण फार लवकर बुडते.

डाव मांडायचाच असेल तर

इतके सांगूनही पुष्कळ घरी डाव मांडला जाईलच, हे आम्ही जाणतो. ज्यांना आपल्या राज्याचा कायदा मुभा देतो आणि ज्यांच्या घरच्यांची त्यास संमती आहे, त्यांच्यासाठी काही पथ्ये सांगतो. शंका असेल तेथे खेळापूर्वी वकिलास विचारावे, नंतर नव्हे.

पहिले पथ्य: पॉटमधून काहीही काढू नये. पाच रुपयेही नाहीत. खर्च असेल तो बैठक सुटताना कागदावर मांडावा आणि सर्वांत समान वाटावा. चहा सर्वांनी सारखाच प्यालेला असतो. जिंकणाऱ्याने दोन कप अधिक घेतलेले नसतात.

दुसरे: घर पाळीपाळीने बदलावे. एकाच घरावर भार पडला की भरपाईचा विचार सुचतो आणि भरपाईतून डबा जन्मतो. पाळी असली की आज एका घरचे पोहे, उद्या दुसऱ्या घरची साबुदाण्याची खिचडी. हिशेब आपोआप फिटतो. ज्या घरी बसायचे तेथल्या गृहिणीला आधी विचारावे. तिची रात्र हाही खर्चच आहे आणि तो कोणत्याही डब्याने भरून निघत नाही.

तिसरे: चकत्यांचा कारभार एकाच माणसाने पाहावा, आणि त्याने वहीत प्रत्येकाची आलेली रक्कम लिहून ठेवावी. शेवटी परत गेलेली रक्कम आलेल्या रकमेशी तंतोतंत जुळली पाहिजे. जुळली तर नाल नाही याचा तो पुरावाच. न जुळली तर चूक शोधल्याशिवाय कोणी उठू नये.

चौथे: उधार नाही. आधी रोख, मग चकत्या. ज्याचे ठरावीक पैसे संपले, त्याने प्रेक्षक व्हावे किंवा घरी जावे, आणि त्याला कोणी आग्रह करू नये. आग्रह जेवणाच्या पंगतीत शोभतो, पत्त्यांच्या नाही.

पाचवे: उठण्याची वेळ बसण्यापूर्वी ठरवावी, आणि घड्याळ हरणाऱ्याला दिसेल असे ठेवावे. ‘हा शेवटचा डाव’ हे वाक्य आजवर कोणत्याही बैठकीत एकदाच उच्चारले गेलेले नाही. मुले जागी असतील तोवर पैसे मांडू नयेत, हे वेगळे सांगणे न लगे.

ही पाच पथ्ये जड वाटत असतील, तर त्यांतून एक गोष्ट सिद्ध होते की खेळाची गोडी पत्त्यांत उरलेली नाही, पैशांत गेली आहे. तसे असेल तर मेंढीकोटाकडे परतावे. त्यातही पाने लक्षात ठेवावी लागतात, जोडीदाराचा इशारा ओळखावा लागतो, आणि कोट चढला की रात्रभर चिडवता येते.

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्या धर्मग्रंथांत द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शिवपार्वती सारीपाट खेळल्या आणि पार्वती जिंकली, अशी कथा सांगतात. पती-पत्नींचा तो डाव होता; जे हरले ते घरातच राहिले. आपल्या मित्रमंडळींच्या डावाकडे पाहताना आम्हांस हीच कसोटी पुरेशी वाटते. हरलेले पैसे खेळणाऱ्यांमध्येच राहिले, तर तो खेळ. त्यांतला काही भाग प्रत्येक रात्री नियमाने यजमानाकडे गेला, तर तो धंदा. धंदा करण्यास आमची हरकत नाही. फक्त त्याला घर म्हणू नये, आणि तेथे येणाऱ्यांना पाहुणे म्हणू नये.